रकान्यावरचं नाव कोणी ठरवायचं?

आकडेवारीचा विषय निघाला की चर्चा होते ती आलेखांची, सूत्रांची आणि हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची. पण कुठल्याही विश्लेषण-सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत जास्त वाचला जाणारा मजकूर म्हणजे रकान्याच्या डोक्यावरचे दोन-तीन शब्द. माहिती भरणारा तेवढंच वाचतो आणि महिनाअखेरीस अहवाल पाहणारा अधिकारीही तेवढंच वाचतो. प्रत्येक रकान्याचा नेमका अर्थ सांगणारी पुस्तिका बहुधा असते, पण ती कपाटात किंवा कुणाच्या तरी ईमेलमध्ये. असं असूनही सॉफ्टवेअर बसवताना ही नावं सगळ्यात शेवटी उरकली जातात. आधी सर्व्हर, मग परवानग्या, मग अहवालांचे नमुने आणि जाता जाता 'लेबलं मराठी करून टाका' अशी सूचना, जणू काही तो रंगरंगोटीचाच भाग. या लेखाचं म्हणणं वेगळं आहे. रकान्याचं नाव हा डेटाच्या अचूकतेचा भाग आहे. म्हणूनच ते जिथे काम चालतं तिथल्या भाषेत बदलता आलं पाहिजे. आणि ते बदलताना त्याखालची व्याख्या तसूभरही हलता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकदम साधता येतात, आणि एक सांभाळून दुसरी सोडली तर आकडे खोटे निघतात.

उदाहरणासाठी डीएचआयएस-२ हे सॉफ्टवेअर घेऊ. दक्षिण आफ्रिकेत १९९४ मध्ये वर्णभेदी राजवट संपली, तेव्हा तिथल्या आरोग्ययंत्रणेचे वंशानुसार आणि प्रदेशानुसार तुकडे पडलेले होते. प्रत्येक तुकड्याचे नोंदीचे तक्ते वेगळे होते. ते जुळवण्यासाठी तिथली विद्यापीठं आणि नॉर्वेतलं ऑस्लो विद्यापीठ यांनी मिळून जे काम सुरू केलं, त्यातून जिल्हा आरोग्य माहिती प्रणाली उभी राहिली. तिची वेबवर चालणारी दुसरी पिढी ऑस्लोत घडली आणि २००६ मध्ये तिचा पहिला प्रत्यक्ष वापर झाला तो केरळात. आज सत्तरहून अधिक देशांत ती वापरली जाते. हे सॉफ्टवेअर कुठल्या एका रोगासाठी बनवलेलं नाही. क्षयरुग्णांचा पाठपुरावा, बालकांचं लसीकरण, हिवतापाची मोजणी, शाळांची माहिती अशा सगळ्याला साचा एकच. त्यामुळे त्यातले मूळ शब्द मुद्दामच मोघम ठेवलेले आहेत. जिची नोंद ठेवायची ती व्यक्ती म्हणजे 'ट्रॅक्ड एन्टिटी'. कार्यक्रमात तिचं नाव दाखल करणं म्हणजे 'एन्रोलमेंट'. उपकेंद्रापासून राज्यापर्यंतचा कुठलाही स्तर म्हणजे 'ऑर्गनायझेशन युनिट'. नाव दाखल करताना दोन तारखा विचारता येतात, एक 'एन्रोलमेंट डेट' आणि दुसरी 'इन्सिडेंट डेट'. बनवणाऱ्यांच्या दृष्टीने हा मोघमपणा शहाणपणाचाच आहे, कारण त्यामुळेच एक सॉफ्टवेअर शंभर कामांना पुरतं. अडचण येते ती हेच शब्द जसेच्या तसे माहिती भरणाऱ्यासमोर आले तर.

समजा, गरोदर मातांच्या नोंदणीचा कार्यक्रम या सॉफ्टवेअरवर बसवला आणि दुसऱ्या तारखेच्या रकान्याचं नाव शब्दशः 'घटनेची तारीख' असं केलं. कार्यक्रम आखणाऱ्याच्या मनात ही तारीख म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. त्यात २८० दिवस मिळवून सॉफ्टवेअर प्रसूतीची अपेक्षित तारीख काढणार आहे. पण आरोग्य सेविकेला 'घटना' म्हणजे काय समजावं? समोर बाई बसली आहे, आज ५ मार्च आहे, आज तिचं नाव लिहिलं. घडलं ते एवढंच. ती दोन्ही रकान्यांत ५ मार्च टाकते. प्रत्यक्षात त्या बाईची शेवटची पाळी १ जानेवारीला आली होती, म्हणजे दिवस ८ ऑक्टोबरला भरणार. सॉफ्टवेअर मात्र १० डिसेंबर दाखवतं. पुढच्या प्रत्येक तपासणीची तारीख नऊ आठवडे उशिरा लागते. ऑक्टोबरमध्ये बाळ वेळेवर, पुऱ्या दिवसांनी जन्मलं, तरी सॉफ्टवेअरच्या हिशेबाने ते एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेलं असतं. सदतीस आठवड्यांआधीची प्रसूती अकाली धरली जाते, त्यामुळे जिल्ह्याच्या अकाली प्रसूतींच्या आकड्यात एकाची भर पडते.

चूक एवढ्यावर थांबत नाही. पहिल्या बारा आठवड्यांत किती मातांची नोंदणी झाली, हा आरोग्यखात्याचा महत्त्वाचा निर्देशांक आहे. नोंदणीची आणि 'घटनेची' तारीख एकच पडली की गर्भाचं वय शून्य आठवडे निघतं. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा आलेली बाईसुद्धा मग लवकर नोंदणी झालेल्यांत मोजली जाते. म्हणजे एकाच रकान्याच्या नावामुळे एक आकडा आहे त्यापेक्षा वाईट दिसतो आणि दुसरा आहे त्यापेक्षा चांगला. दोन्ही चुका विरुद्ध दिशेच्या असल्यामुळे वरवर पाहणाऱ्याला तर त्यांची एका ओळीत बसणारी कहाणीही रचता येईल, की नोंदणी सुधारली पण मातांचं पोषण ढासळलं. यातलं काहीच घडलेलं नसतं. आणि ही चूक संगणकाला पकडता येत नाही. तारीख पुढची नसावी, पाळीची तारीख नोंदणीनंतरची नसावी, असे नियम लावता येतात. पण आजची तारीख हे दोन्ही नियम पाळते. चूक माणसाच्या वाचण्यात झाली, तेव्हा उपायही तो जे वाचतो तिथेच करायला हवा.

तो उपाय या सॉफ्टवेअरमध्येच आहे. कार्यक्रमाच्या मांडणीत या दोन्ही तारखांची दर्शनी नावं बदलण्यासाठी स्वतंत्र रकाने आहेत. तिथे 'शेवटच्या पाळीचा पहिला दिवस' एवढं लिहिलं की काम भागतं. अलीकडच्या आवृत्त्यांत नावनोंदणी, भेट, टिपण, पाठपुरावा अशा इतर शब्दांनाही कार्यक्रमागणिक वेगळं नाव देण्याची सोय आली आहे. क्षयरोगाच्या कार्यक्रमात 'उपचार सुरू' आणि लसीकरणात 'बाळाची नोंद' असं दोन्हीकडे दिसलं, तरी आत ते 'एन्रोलमेंट'च राहतं. याखेरीज साध्या मासिक तक्त्यातल्या प्रत्येक घटकाला पूर्ण नाव, लघुनाव, भरण्याच्या अर्जावर दिसणारं नाव, वर्णन आणि कोड अशा वेगवेगळ्या जागा असतात आणि त्यातल्या नावांची, वर्णनाची भाषांतरं भाषेगणिक साठवता येतात. शिवाय प्रत्येक घटकाला अकरा अक्षर-अंकांची एक ओळख मिळते. ती कोणी वाचत नाही, तिचा अर्थ काही नाही आणि म्हणूनच ती बदलायची वेळ कधी येत नाही. हिशेब सगळे या ओळखीवर चालतात.

तीन थर, तीन मालक

इथून जो नियम निघतो तो सगळ्या विश्लेषण-सॉफ्टवेअरला लागू आहे. प्रत्येक रकान्याचे तीन थर असतात. सगळ्यात खाली यंत्रासाठीची ओळख, मध्ये व्याख्या आणि वर माणसासाठीचं नाव. हे तीन थर वेगळे ठेवले तर वरचा थर हवा तितक्या वेळा बदलता येतो. याचा एक जुना आणि टिकाऊ पुरावा सॅप या जर्मन सॉफ्टवेअरमध्ये सापडतो. १९७२ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीच्या प्रणालीत ग्राहक क्रमांकाच्या रकान्याचं आतलं नाव 'के-यू-एन-एन-आर' असं आहे, मूळ जर्मन शब्दाचं लघुरूप. कंपनी-कोड, मालाचा क्रमांक यांची आतली नावंही अशीच जर्मन अक्षरांची. जर्मनचा गंध नसलेले जगभरचे लाखो लोक ती प्रणाली रोज वापरतात, कारण त्यांच्या पडद्यावर ही नावं येतच नाहीत. प्रत्येक रकान्याला लघु, मध्यम, दीर्घ आणि तक्त्याच्या शीर्षकासाठीचं अशी चार दर्शनी नावं देता येतात, तीही प्रत्येक भाषेत वेगळी. शिवाय एखाद्या कारखान्याला 'ग्राहक'ऐवजी 'डीलर' हवं असेल तर तेवढंच लेबल बदलायची सोय आहे. जर्मन लघुरूपं जागची हलली नाहीत म्हणूनच वरचे शब्द इतके मोकळेपणाने बदलता आले.

सॅपमध्ये ही सोय व्यवहार नोंदवण्यासाठी होती. विश्लेषणासाठी तीच कल्पना पुढे नेली ती १९९० मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या बिझनेस ऑब्जेक्ट्स या कंपनीने. तोवर डेटाबेसला प्रश्न विचारायचा तर टेबलांची आतली नावं आणि प्रश्नभाषा दोन्ही यावी लागत. या कंपनीने मध्ये एक थर घातला आणि त्याला 'युनिव्हर्स' म्हटलं. तांत्रिक माणसाने एकदाच ठरवून ठेवायचं, की 'निव्वळ विक्री' म्हणजे अमुक टेबलातली रक्कम वजा तमुक टेबलातली परत आलेल्या मालाची रक्कम. मग विक्री विभागातल्या माणसाने फक्त 'निव्वळ विक्री' आणि 'जिल्हा' हे दोन शब्द ओढून अहवालात टाकायचे. आजच्या बहुतेक विश्लेषण-साधनांत हा थर या ना त्या रूपात आहे. त्यातली खरी किमया गोड नावांत नव्हती. नाव आणि सूत्र यांची गाठ एकाच ठिकाणी मारलेली होती, त्यामुळे दोघांनी 'निव्वळ विक्री' मागितली तर दोघांना एकच आकडा मिळे. जिथे ही गाठ प्रत्येकाच्या एक्सेलमध्ये वेगवेगळी मारली जाते, तिथे बैठकीचा पहिला अर्धा तास कुणाचा आकडा बरोबर यातच जातो.

एकाच नावाखाली दोन गोष्टी

लेबल बदलल्याने गोंधळ होतो अशी भीती सर्वत्र असते. प्रत्यक्षात मोठे गोंधळ उलट कारणाने झालेले दिसतात. लेबल तेच राहतं आणि खालची व्याख्या गुपचूप बदलते. भारताच्या जनगणनेतला साक्षरता दर पाहा. १९५१, १९६१ आणि १९७१ चे दर पाच वर्षं व त्यावरील लोकसंख्येचे आहेत. १९८१ पासूनच्या तुलनेच्या तक्त्यांत दिले जाणारे दर सात वर्षं व त्यावरील लोकसंख्येचे. सरकारी तक्त्यात हे तळटिपेत सांगितलेलं असतं. तोच तक्ता कुणी डॅशबोर्डवर चढवला की तळटीप गळते, 'साक्षरता दर' हे दोन शब्द उरतात आणि सहा दशकांची एक सलग, चढती रेघ तयार होते. पाच-सहा वर्षांची, अजून धड वाचू न शकणारी मुलं छेदातून वगळल्यामुळे झालेली वाढ आणि खरोखर लोक शिकल्यामुळे झालेली वाढ त्या रेघेत वेगळी करता येत नाही. दराचा वयोगट लेबलातच लिहिला असता, तर रेघ जोडण्याआधी जोडणारा निदान अडखळला असता.

आरोग्याच्या क्षेत्रात तर हे रोजचंच आहे. 'पूर्ण लसीकरण झालेली बालकं' हे नाव दवाखान्यांच्या मासिक अहवालातही आहे आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही. मासिक अहवाल नऊ ते अकरा महिन्यांच्या बालकांना दिलेल्या सेवेची मोजदाद करतो. सर्वेक्षण बारा ते तेवीस महिन्यांच्या मुलांच्या घरी जाऊन लसीकरण कार्ड पाहतं किंवा आईला विचारतं. वय वेगळं, मोजण्याची रीत वेगळी, छेदही वेगळा. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. एकाच पडद्यावर एकाच नावाने शेजारी बसवले की मात्र त्यातला एक खोटा ठरवण्याचा मोह होतो आणि मग वर्तमानपत्रात 'सरकारी आकड्यांतली तफावत' अशी बातमी येते. इथे लेबल बदलणं हेच सत्याला धरून होईल. एकाला 'पूर्ण लसीकरण, ९ ते ११ महिने, दवाखाना नोंद' आणि दुसऱ्याला 'पूर्ण लसीकरण, १२ ते २३ महिने, सर्वेक्षण' म्हटलं की भांडणच उरत नाही.

वेबसाइटवरची वर्दळ मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये या दोन्ही तऱ्हा लागोपाठ पाहायला मिळाल्या. त्याच्या जुन्या आवृत्तीत 'बाउन्स रेट' म्हणजे एकच पान पाहून, दुसरं काही न करता निघून गेलेल्या भेटींचं प्रमाण. कुणी एखादा लेख पाच मिनिटं मन लावून वाचला आणि खिडकी बंद केली तरी तो 'बाउन्स'. जुलै २०२३ मध्ये जुनी आवृत्ती थांबली. नव्या आवृत्तीत जी भेट दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकते, किंवा जिच्यात दोन पानं पाहिली जातात, किंवा महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती होते, ती गुंतलेली भेट. उरलेल्या त्या बाउन्स. तोच लेख वाचणारा आता बाउन्समध्ये मोजला जात नाही. शब्द तोच, आकडा भलताच. जुन्या-नव्याची तुलना करणाऱ्याला आपली साइट एका रात्रीत सुधारली असं वाटावं. याच्या उलट, मार्च २०२४ मध्ये याच साधनाने 'कन्व्हर्जन' हा शब्द बदलून 'की इव्हेंट' असा केला. कारण जाहिरातींच्या साधनातही 'कन्व्हर्जन' होतं, दोन्हीकडे मोजण्याची रीत वेगळी होती आणि एकाच नावाचे दोन आकडे जुळत नाहीत म्हणून वापरणारे गोंधळत होते. नावबदलाने सुरुवातीला कुरकुर झाली असेल, पण दोन गोष्टींना दोन नावं मिळाली. पहिला बदल डोळ्यांना दिसत नाही आणि फसवतो. दुसरा दिसतो, थोडा त्रास देतो आणि फसवणूक थांबवतो.

प्रमाणीकरणाचं काय?

आता आक्षेपांकडे वळू. सगळ्यात वजनदार आक्षेप प्रमाणीकरणाचा आहे. प्रत्येक जिल्ह्याने, प्रत्येक दवाखान्याने आपापली नावं वापरली तर राज्याचा आकडा कसा जमायचा? एकच शब्द सगळीकडे असण्यातच तुलनेची हमी आहे, असं यात गृहीत धरलेलं असतं. हे गृहीतक साक्षरतेच्या आणि लसीकरणाच्या उदाहरणांनीच मोडीत काढलं आहे. शब्द एक असूनही तुलना फसली. तुलनेची हमी ओळख आणि व्याख्या एक असण्यात असते. वैद्यकात स्नोमेड सीटी नावाची आंतरराष्ट्रीय संज्ञा-व्यवस्था वापरतात. भारत २०१४ मध्ये तिचा सदस्य झाला. तिच्यात हृदयस्नायूचा रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या झटक्याला २२२९८००६ हा क्रमांक आहे. त्या क्रमांकाखाली एक पूर्ण शास्त्रीय नाव, प्रत्येक भाषेसाठी एक पसंतीचं नाव आणि वाटेल तितके पर्यायी शब्द राहू शकतात. एका डॉक्टरने शास्त्रीय संज्ञा निवडली आणि दुसऱ्याने 'हार्ट अटॅक' निवडला तरी मोजणीत दोघे एकाच क्रमांकावर येतात. शब्दांची विविधता आणि मोजणीची एकवाक्यता एकत्र नांदू शकतात याचा हा चालता पुरावा आहे.

नावांपलीकडे रकान्यांचाच प्रश्न असेल, म्हणजे जिल्ह्याला राज्यापेक्षा जास्त काही मोजायचं असेल, तर दक्षिण आफ्रिकेतल्या त्या पहिल्या प्रयोगाने दाखवलेली वाट आहे. ऑस्लो विद्यापीठाचे योर्न ब्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं वर्णन मानकांची उतरंड असं केलं. राष्ट्रीय पातळीने मोजके, सर्वांना बंधनकारक घटक ठरवायचे. त्याखालच्या प्रत्येक पातळीने, वरच्या पातळीचं मानक न मोडता, आपले घटक वाढवायला मोकळं राहायचं. यातून एक व्यावहारिक शहाणपण निघतं. केंद्राने ठरवायच्या गोष्टी जितक्या थोड्या, तितकं त्यांचं पालन पक्कं. ज्या यंत्रणा शेकडो रकाने आणि त्यांची नावंही वरूनच लादतात, तिथे खालचा माणूस समांतर वही ठेवतो. खरं काम त्या वहीत चालतं आणि सॉफ्टवेअरमध्ये महिनाअखेरीला अंदाजाने आकडे भरले जातात.

दुसरा आक्षेप असा, की शब्द बदलण्यापेक्षा माणसांना शिकवा. 'इन्सिडेंट डेट' म्हणजे काय हे एका प्रशिक्षणात सांगता येतं, मग सॉफ्टवेअरशी खेळायचं कशाला? प्रशिक्षण हवंच, यात वाद नाही. लेबलात सगळी व्याख्या मावत नाही आणि मावायची गरजही नाही. पण बदल्या होतात, कंत्राटी कर्मचारी बदलतात आणि प्रशिक्षणाला एक जातो तर माहिती दुसराच भरतो. लेबल मात्र भरण्याच्या क्षणी समोर असतं. जे लेबल समजण्यासाठी प्रशिक्षण लागतं, ते प्रत्येक नव्या माणसागणिक पुन्हा तोच खर्च मागतं. शिवाय इथे एक तांत्रिक खाचही आहे. डीएचआयएस-२ मध्ये लघुनावाला पन्नास अक्षरांची मर्यादा आहे आणि आलेखाच्या अक्षावर त्याहून कमी जागा असते. मराठीत विशेषणं आधी येतात आणि मुख्य नाम शेवटी. त्यामुळे 'पहिल्या बारा आठवड्यांत नोंदणी झालेल्या गरोदर माता' हे लेबल कापलं गेलं की 'पहिल्या बारा आठवड्यांत नों…' एवढंच उरतं आणि मोजलं काय तेच कळत नाही. इंग्रजी लेबल सहसा उलट कापलं जातं, नाम राहतं आणि अट गळते. म्हणून इंग्रजी लेबलाचं भाषांतर करून भागत नाही. 'माता नोंदणी, १२ आठवड्यांत' असं मराठीतच नव्याने बांधावं लागतं, नाम आधी आणि अट लगेच मागे.

तिसरा आक्षेप देखभाल करणाऱ्यांचा. मदतपुस्तिकेत एक नाव, पडद्यावर दुसरं. तक्रार नोंदवणारा एक शब्द वापरतो आणि दुरुस्त करणारा दुसराच शोधत बसतो. हा त्रास खरा आहे. त्याहून खरा धोका असा, की बऱ्याच ठिकाणी पुढचे अहवाल लेबलालाच बांधलेले असतात. गूगल फॉर्ममधल्या प्रश्नाचा मथळा बदलला की जोडलेल्या शीटमधल्या स्तंभाचं शीर्षकही बदलतं. त्या शीर्षकावर अवलंबून असलेला पॉवर बीआयमधला अहवाल दुसऱ्या दिवशी 'स्तंभ सापडला नाही' म्हणून बंद पडतो. पण हा दोष लेबल बदलण्याचा नाही. लेबलाकडूनच ओळखीचं काम करून घेतलं, तीन थरांचे दोनच केले, त्याचा हा परिणाम आहे. सेल्सफोर्ससारख्या साधनात रकान्याचं दर्शनी नाव आणि आतलं एपीआय नाव वेगळं असतं. दर्शनी नाव बदललं तरी जोडण्या तुटत नाहीत. जिथे अशी सोय नाही तिथे ती हाताने करता येते. निर्यात होणाऱ्या फाइलच्या पहिल्या ओळीत कोड ठेवायचा, लेबलं वेगळ्या तक्त्यात ठेवायची आणि अहवालाच्या शेवटच्या टप्प्यावरच ती लावायची. पडद्यावर रकान्यावर बोट ठेवलं की कोड आणि व्याख्या दिसावी, एवढं केलं की पुस्तिकेचा प्रश्नही बराचसा सुटतो.

मोकळीक कुठे संपते

याचा अर्थ लोकांच्या तोंडी जो शब्द असेल तो लावून मोकळं व्हायचं, असा नाही. एक हद्द पाळावीच लागते आणि ती जमिनीच्या मोजणीत छान दिसते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. गावात बोली चालते ती एकर-गुंठ्यांची. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. फरक टक्क्याच्या थोडा वर, त्यामुळे बोलताना 'आर म्हणजे गुंठाच' असं सर्रास म्हटलं जातं. आता शेतकऱ्यांना कळावं म्हणून पीक-विश्लेषणाच्या एखाद्या साधनात 'आर' या रकान्यावर नुसतं 'गुंठे' असं नाव चढवलं, तर शंभर गुंठ्यांमागे ११७ चौरस मीटरची, म्हणजे एका गुंठ्याहून अधिक तफावत निर्माण होईल. विमा, अनुदान आणि खरेदीखत जिथे अशा आकड्यांवर ठरतात, तिथे ही तफावत भांडणं लावायला पुरेशी आहे. इथे बदललं ते लेबल राहिलं नाही. ते मोजमापच बदललं. शेतकऱ्याला गुंठे दाखवायचेच असतील तर गुणाकार करून वेगळा रकाना दाखवावा लागेल, त्याची व्याख्या वेगळी आणि ओळखही वेगळी. कसोटी सोपी आहे. नवं नाव लावल्यावर रकान्यातला एकही आकडा बदलावा लागत नसेल तर तो लेबलाचा बदल. एक जरी आकडा बदलावा लागत असेल तर तो नवा रकाना.

नावं कोणी ठरवायची, हा प्रश्नही या हद्दीशी बांधलेला आहे. महाराष्ट्राला वरून ठरवलेल्या परिभाषेचा जुना अनुभव आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशाने कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याला मुख्य प्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव म्हटलं गेलं. पदाची कामं तीच राहिली, नावं बदलली. पुढे काय टिकलं ते पाहिलं तर निकाल एकतर्फी नाही. अमात्य आणि सचिव ही नावं बावडा आणि भोरच्या घराण्यांना चिकटली, तर अठराव्या शतकात सत्ता चालवणाऱ्याला सगळ्या मुलखाने पेशवाच म्हटलं. कोशाने जुना आणि नवा शब्द समोरासमोर ठेवला होता, म्हणून दोन्ही चालू राहिले तरी पद कोणतं याबद्दल घोळ झाला नाही. विश्लेषण-सॉफ्टवेअरमधल्या संज्ञासूचीनेही हेच करायला हवं. कुठला शब्द जिंकेल ते तिने ठरवू नये. कुठले शब्द एकाच गोष्टीचे आहेत ते मात्र तिने पक्कं लिहून ठेवावं.

उद्याचा प्रश्नकर्ता

शेवटचा आक्षेप अगदी ताजा आहे. आता तर डेटाला साध्या भाषेत प्रश्न विचारता येतो. भाषेची जाण असलेलं यंत्र योग्य तो रकाना स्वतःच शोधेल, मग लेबलांची एवढी उठाठेव कशाला? उलट या यंत्रांनी उठाठेवीची गरज वाढवली आहे. यंत्र रकाना शोधतं ते त्याचं नाव, वर्णन आणि नोंदवलेले पर्यायी शब्द पाहूनच. साध्या भाषेतल्या प्रश्नांची सोय देणाऱ्या साधनांत प्रत्येक रकान्याला असे पर्यायी शब्द जोडण्याची जागा मुद्दाम ठेवलेली असते, ती यासाठीच. 'पूर्ण लसीकरण' नावाचे दोन रकाने असतील आणि वर्णनाची जागा रिकामी असेल, तर यंत्र त्यातला एक उचलून ठाम वाक्यात उत्तर देईल. पूर्वी तक्ता चाळणाऱ्या माणसाला दोन ओळी शेजारी दिसत आणि शंका येत असे. आता दुसरी ओळ दिसतच नाही. कपाटातली व्याख्या माणसाने निदान विचारून घेतली असती. यंत्र फक्त रकान्याला जोडलेली व्याख्या वाचतं. म्हणून आजवर तळटिपेत राहिलेलं सगळं आता रकान्याच्या वर्णनात यायला हवं: वयोगट, कालावधी, छेद, स्रोत आणि व्याख्या कधीपासून लागू झाली ती तारीख.

सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या किंवा बसवून घेणाऱ्या संस्थेने या सगळ्यावरून तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. ओळख एकदा दिली की कोणीही बदलायची नाही; रकाना निवृत्त करता येईल, त्याची ओळख दुसऱ्याला देता येणार नाही. व्याख्या बदलायची तर ती ज्यांचे आकडे तिच्यावर अवलंबून आहेत त्या सर्वांना सांगून, तारीख घालून बदलायची, आणि अर्थ खरोखर बदलत असेल तर नवा रकानाच उघडायचा. लेबल बदलण्याचा अधिकार मात्र माहिती भरणाऱ्याच्या सर्वांत जवळच्या पातळीवर द्यायचा आणि त्या पातळीवर एका माणसावर त्याची जबाबदारी सोपवायची. हा तिसरा अधिकार द्यायला कार्यालयं सगळ्यात जास्त कचरतात, कारण तो दिला की नियंत्रण सुटेल असं वाटतं. प्रत्यक्षात पहिले दोन नियम पाळले असतील तर तिसऱ्यात सुटण्यासारखं काही उरत नाही. आणि ते पाळले नसतील, तर राज्यभर एकच लेबल ठोकून बसवलं तरी त्याखाली प्रत्येक तालुका वेगळंच काही मोजत राहील.